अर्धी नोकरी, पुरा हिशेब

श्रोतेहो, आमच्या घरीं एक जुनी लग्नपत्रिका जपून ठेवलेली आहे. लग्न कोणाचें होतें हें आतां महत्त्वाचें नाहीं. त्या पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मीं एके रात्रीं पेन्सिलीनें एक हिशेब मांडला होता, आणि तो हिशेब चुकला होता. आज मी जें सांगणार आहें, तें त्या चुकीपासूनच सुरू होतें.

सासूबाईंना पक्षाघात होऊन त्या वेळीं तीन महिने झाले होते. उजव्या हातापायांतली शक्ति गेली होती. सुदैवानें वाचा व बुद्धि शाबूत राहिली. मी पुण्यांतील एका खाजगी पेढींत हिशेबनीस. सकाळीं नऊला घर सोडावें व सायंकाळीं सातला परतावें, हा बारा वर्षांचा शिरस्ता. सासूबाईंपाशीं दिवसभरासाठीं एक बाई ठेवली होती. एके दिवशीं मी अवचित दुपारीं घरीं आलें, तों बाई बाहेरच्या खोलींत झोपलेली व सासूबाई कोरड्या ओठांनीं छताकडे पाहत पडलेल्या. पाण्याचा पेला उजव्या बाजूला, हातभर अंतरावर होता. त्यांनीं तक्रार केली नाहीं. ‘‘तिलाहि घरीं लहान मूल आहे, रात्रीं झोप होत नाहीं तिची,’’ एवढेंच त्या म्हणाल्या. पण माझ्या मनांतून तो पेला कांहीं केल्या जाईना.

नोकरी सोडणें शक्य नव्हतें. घराच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर होता. तेव्हां मनांत आलें कीं, नोकरी अर्धी करावी. आठवड्यांतून सहा दिवसांऐवजीं तीन दिवस कचेरींत जावें, उरलेले तीन दिवस घरीं असावें. यजमानांनींहि आपली नोकरी अर्धी करण्याची तयारी दाखविली होती. घरचें माणूस आजारी पडलें म्हणजे हा प्रश्न बाईलाच कां विचारावा, असें त्यांचें म्हणणें होतें. परंतु त्यांचें काम कारखान्यांतील पाळीचें. तेथें अर्ध्या पाळीची सोय नाहीं. म्हणून प्रश्न माझ्याकडे आला, आणि प्रश्न असा होता : हें आम्हांला परवडेल काय?

त्या रात्रीं मीं मांडलेला हिशेब असा. माझा पगार महिना ५०,००० रुपये, त्यांत मूळ पगार २५,०००. त्यावर १२ टक्के म्हणजे ३,००० रुपये भविष्यनिर्वाह निधींत जात, २०० रुपये व्यवसाय-कर जाई, व हातीं ४६,८०० पडत. अर्ध्या नोकरींत पगार २५,०००, निधींत १,५०० जाणार. व्यवसाय-कर मात्र मुळींच नाहीं. कारण महाराष्ट्रांत २०२३ सालापासून महिना २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांस तो माफ झाला आहे. म्हणजे हातीं २३,५००. यजमानांचे ४४,००० मिळविले म्हणजे घरांत येणार ६७,५००.

खर्चाची बाजू अशी. कर्जाचा हप्ता १९,५००. वाणसामान, दूध, भाजी मिळून १४,०००. वीज, गॅस, फोन व सोसायटीची वर्गणी ६,०००. मुलाची शाळा ६,०००. औषधें व व्यायामोपचार ५,५००. सासूबाईंपाशीं तीन दिवसांसाठीं बाई, ९,०००. जाण्यायेण्याचा खर्च ३,५००. बेरीज ६३,५००. शिल्लक राहिले ४,००० रुपये! मीं तीनदां बेरीज तपासली. हिशेबनिसाची बेरीज चुकत नसते, अशा अभिमानानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं ती पत्रिका सासूबाईंना वाचून दाखविली.

त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, ‘‘अगं, ह्यांत दिवाळी धरलीस का?’’

धरली नव्हती. दिवाळी नव्हती, विम्याचा वार्षिक हप्ता नव्हता, नात्यांतल्या लग्नांचा आहेर नव्हता, मुलाच्या जूनमधल्या वह्यापुस्तकांचा खर्च नव्हता. महिन्याचा खर्च लिहितांना जो खर्च महिन्याला होत नाहीं, तो मी विसरलें होतें. वर्षाचा तो सारा खर्च जुन्या वह्यांतून काढून बारांनीं भागला, तों महिना ५,००० रुपये निघाले. चार हजारांची शिल्लक गेली व एक हजाराची तूट उभी राहिली.

आतां आपण या प्रश्नाच्या मुळाशीं जाऊं. अर्धी नोकरी म्हणजे अर्धा पगार, एवढेंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें असतें. वस्तुतः कमी होणाऱ्या व वांचणाऱ्या रकमा दोन्ही निरनिराळ्या रांगांत लिहाव्या लागतात, आणि त्यांपैकीं प्रत्येक बरोबर अर्धी असतेच असें नाहीं.

प्रथम वांचणाऱ्या रकमा पाहूं. पुष्कळांना वाटतें कीं, पगार घटला म्हणजे प्राप्तिकर वांचेल. मोठ्या पगारदाराच्या बाबतींत हें खरें आहे. त्याचा पगार निम्मा झाला तर कर निम्म्याहूनहि खालीं येतो. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतींत पगारदारास वर्षाला १२ लक्ष ७५ हजारांपर्यंत प्राप्तिकर द्यावा लागत नाहीं. माझ्यासारखीला, जिला मुळांतच कर नव्हता, तिला त्यांत वांचवावयास कांहींच नव्हतें. दुसरी गोष्ट प्रवासाची. रोज अर्धा दिवस काम पत्करलें तर रिक्षा व बस रोजचीच. खर्चांत एक पैसा वांचत नाहीं, आणि वेळहि रस्त्यावर तेवढाच जातो. तीन पूर्ण दिवस घेतले तरच तो खर्च अर्धा होतो. अर्धी नोकरी कोणत्या आकाराची, हें म्हणून आधीं ठरविलें पाहिजे. तिसरी गोष्ट घरकामाची. दिवसभराच्या बाईला आम्ही महिना १६,००० देत होतों; तीन दिवसांसाठीं ती ८,००० वर राहिली नाहीं, ९,००० मागितले, आणि तें रास्तच होतें. तिचेंहि पोट महिनाभराचें असतें. अशा रीतीनें बाईचे ७,०००, प्रवासाचे १,४०० व बाहेरच्या खाण्याचे ६०० मिळून माझे महिना ९,००० रुपये वांचणार होते. पगार २३,३०० नीं घटणार, ९,००० वांचणार. म्हणजे घरखर्चाला खरी ओढ १४,३०० रुपयांची. हा आंकडा लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

आतां न दिसणाऱ्या रकमा. भविष्यनिर्वाह निधींत माझे ३,००० जात, तसे मालकाचेहि ३,००० पडत. अर्ध्या पगारावर दोघांचेहि १,५०० झाले. महिना ३,००० रुपयांची ही घट हातीं येणाऱ्या पगारांत कोठेंच दिसत नाहीं, कारण तो पैसा हातीं कधीं येतच नव्हता. दोन वर्षांत ती ७२,००० होते. व्याज आठ टक्के धरलें तर रक्कम सुमारें ९ वर्षांत दुप्पट होते. मी चाळिसाव्या वर्षीं अर्धी नोकरी संपविणार व अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त होणार. मधल्या अठरा वर्षांत ७२,००० चे १,४४,००० व त्यांचे २,८८,००० झाले असते. तोंवर रुपयाची किंमतहि उतरलेली असेल, हें खरें; तरी म्हातारपणच्या ताटांतला तो घांस आहे, हें जाणूनच तो उचलावा.

याहून फसवी बाब उपदानाची, म्हणजे आपण ज्याला ग्रॅच्युइटी म्हणतों त्याची. तिचा नियम असा आहे कीं, शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता घ्यावा, त्याला २६ नीं भागून १५ नीं गुणावें, आणि त्याला नोकरीच्या वर्षांनीं गुणावें. येथें ‘शेवटचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बारा वर्षें पूर्ण होतांच मी नोकरी सोडली असती, तर २५,००० च्या मूळ पगारावर मला सुमारें १,७३,००० मिळाले असते. पण दोन वर्षें अर्धें काम करून, अर्ध्या पगारावर असतांना सोडली असती, तर १२,५०० च्या हिशेबानें चौदा वर्षांचे सुमारें १,०१,००० च मिळाले असते. दोन वर्षें अधिक राबून ७२,००० रुपये कमी! मागल्या बारा वर्षांची पूर्ण मेहनतहि अर्ध्या भावानें मोजली गेली असती. उलट, पूर्ण पगारावर परत येऊन मग केव्हांहि सोडली, तर हें नुकसान होत नाहीं. तेव्हां धोका अर्ध्या नोकरींत नाहीं. अर्ध्या नोकरीवर असतांनाच ती सुटण्यांत आहे. कायद्याहून चांगल्या अटी देण्यास मालकाला कायद्याची आडकाठी नाहीं; म्हणून पूर्वींच्या वर्षांचें उपदान पूर्वींच्या पगारावर धरावें, असें लिहून मागण्यांत संकोच करूं नये.

नंतर आजारपणाच्या विम्याची गोष्ट. कचेरीच्या सामुदायिक विम्यांत मी, यजमान, मुलगा व सासूबाई असे चौघेहि होतों. अर्धवेळ नोकरांस ही सवलत आहे कीं नाहीं, हें प्रत्येक ठिकाणीं वेगळें असतें, आणि तें न विचारतां पाऊल टाकणें हा शुद्ध जुगार आहे. पक्षाघात झालेल्या वृद्ध माणसाला नवा खाजगी विमा मिळणें किती दुर्घट, हें निराळें सांगावयास नको. ७० वर्षें पूर्ण केलेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत योजनेखालीं, उत्पन्न कितीहि असो, वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंत रुग्णालयांतील उपचारांचें संरक्षण मिळूं लागलें आहे. पण आपल्या जवळचें रुग्णालय त्या योजनेंत आहे कीं नाहीं, हें जाऊन विचारून यावें लागतें. आम्हीं दोन्ही चौकश्या केल्या, तेव्हां कोठें रात्रीं झोप लागली.

सरकारी नोकरींत असलेल्या भगिनींनीं आणखी एक पाहावें. मुलांच्या संगोपनासाठीं केंद्र सरकारच्या स्त्री-नोकरांस २००८ सालापासून एकंदर ७३० दिवसांच्या रजेची तरतूद आहे. रजेनें काम भागत असेल तर पगार तोडण्याचें कारण नाहीं. खाजगी नोकरींत मात्र तास कमी करून मागण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्याकडे कायद्यानें दिलेला नाहीं. हॉलंडांत तसा कायदा २००० सालीं झाला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें अर्धवेळ नोकरांना पूर्णवेळ नोकरांच्या प्रमाणांत संरक्षण मिळावें असा ठराव १९९४ सालींच केला. भारतानें तो स्वीकारलेला नाहीं. कामाचे तास सहसा कोणी आपण होऊन कमी करीत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी १८९० सालीं मिळाली, तीहि नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कामगारांना एकत्र करून वर्षांनुवर्षें मागणी लावून धरली तेव्हां. आपल्यापुरती मागणी आपल्याच तोंडानें करावी लागते, आणि मिळेल तें कागदावर उतरवून घ्यावें लागतें.

मी तें कसें केलें, हें सांगतें. साहेब भले होते. म्हणाले, ‘‘बाई, दोन वर्षांनीं या परत, तुमची खुर्ची कुठें जात नाहीं.’’ मीं नम्रपणें म्हटलें, ‘‘साहेब, आपण आहांत म्हणून मला काळजी नाहीं, पण आपलीच बदली झाली तर?’’ ते हंसले, व त्यांनीं पत्र दिलें. त्यांत चार गोष्टी होत्या : दोन वर्षांनीं पूर्ण वेळेवर परत येण्याचा हक्क, नोकरींत खंड पडला नाहीं असें मानणें, विमा चालू ठेवणें, आणि माझ्या सहा खातेवह्यांपैकीं कोणत्या तीन माझ्याकडे राहतील त्यांची यादी. ही शेवटची बाब किरकोळ वाटेल. पण काम न वांटतां केवळ दिवस कमी केले, तर माणूस तीन दिवसांत सहा दिवसांचें काम उरकतें आणि पगार मात्र तीन दिवसांचा घेतें. ती अर्धी नोकरी नव्हे. ती निम्म्या मजुरीची पुरी नोकरी होय.

पत्र हातीं आलें, तरी आम्हीं लगेच उडी घेतली नाहीं. आधीं सहा महिने तालीम केली. पगार पूर्ण येत असतांनाच, ज्या दिवशीं तो येई त्याच दिवशीं १४,३०० रुपये वेगळ्या खात्यांत टाकावयाचे व बाकीवर घर चालवावयाचें. तालमीचे महिने साधेहि नव्हते. एका महिन्यांत शीतकपाट बिघडलें, दुसऱ्यांत मुलाचा दांत दुखावला. दोन वेळां त्या खात्यांतून पैसे काढावे लागले. सहा महिन्यांअखेर ८५,८०० जमावयास हवे होते, ते ७१,००० जमले. म्हणजे १४,८०० ची खोट. महिना सुमारें २,५०० रुपये. कागदावरची तूट १,००० ची होती; प्रत्यक्षांतली अडीच हजारांची निघाली. कागद आणि घर यांत नेहमींच असें अंतर असतें, आणि तें मोजण्याला तालमीवांचून दुसरें माप नाहीं.

आतां गंमत पाहा. महिना २,५०० ची तूट, आणि हाताशीं तालमींत सांठलेले ७१,०००. भागाकार केला कीं २८ महिने येतात. प्रश्नाचें उत्तर तेथें मिळालें. आम्हांला अर्धी नोकरी परवडते काय? कायमची नाहीं, दोन वर्षें परवडते, वर चार महिने हाताशीं राहतात. परवडणें हें ‘होय’ किंवा ‘नाहीं’ यांत सांगतां येत नाहीं. तें ‘किती दिवस’ यांत सांगावें लागतें. ज्यांना अर्ध्या नोकरीचा विचार करावयाचा आहे, त्यांनीं हा एक भागाकार तरी करावा. भागाकार सहा महिन्यांवर येत असेल, तर तालीम आणखी चालवावी किंवा मार्ग बदलावा. आणि एक पथ्य अवश्य पाळावें : ज्या पगाराचा त्याग करावयाचें ठरलें आहे, त्या पगाराच्या जोरावर जातांजातां नवें कर्ज काढूं नये. बँक ते देईलहि. फेडणारे मात्र आपणच असतों.

सारेंच सुरळीत झालें असें मी म्हणणार नाहीं. दोन वर्षांत मला पगारवाढ मिळाली नाहीं. माझ्या हाताखालीं शिकलेली मुलगी माझ्यावरची अधिकारी झाली. ती गुणी आहे, माझ्याशीं आदरानें वागते; तरी पहिल्या दिवशीं तिच्या टेबलापुढें कागद घेऊन उभी राहिलें, तेव्हां छातींत कांहींतरी हललें. हा खर्च मीं कोणत्याच रांगेंत लिहिला नव्हता, आणि लिहावयाचा तर कोणत्या आंकड्यानें लिहावा, हें आजहि मला कळत नाहीं. पण तो खर्च आहे, आणि तो होणार हें आधीं माहीत असलेलें बरें.

जमेच्या बाजूलाहि असेंच एक कलम आहे. घरीं असलेल्या तीन दिवसांत मी सासूबाईंचा उजवा हात घेऊन बसत असें. प्रथम बोट हललें, मग मूठ वळली. वर्षभरानें त्यांनीं उजव्या हातानें पाण्याचा पेला उचलला, अर्धा अंगावर सांडला, व उरलेला पिऊन मला म्हणाल्या, ‘‘आतां जा तूं कामावर.’’ मी गेलें नाहीं. आणखी वर्ष राहिलें. दोन वर्षें पुरी झाल्यावर पूर्ण वेळेवर परतलें. आतां त्या काठी घेऊन अंगणापर्यंत जातात.

मात्र हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, हात हलला नसता तरी हिशेब बरोबरच होता. हिशेबाचें काम फळाची हमी देणें नव्हे. जें आपण देत आहों तें किती, व किती दिवस देऊं शकूं, एवढेंच तो सांगतो. तेवढें कळलें कीं पुढला निर्णय घरांतल्या माणसांनीं समोरासमोर बसून घ्यावा, आणि ज्याच्यासाठीं तो घ्यावयाचा त्या माणसालाहि त्यांत बसवावें. आमच्या घरीं सासूबाईंना न विचारतां निर्णय झाला असता, तर आम्ही चार हजारांच्या खोट्या शिल्लकेवर विसंबून निघालों असतों.

तेव्हां श्रोतेहो, आपणांपैकीं कोणी आज रात्रीं कागद-पेन्सिल घेऊन बसणार असेल, तर त्यानें जरूर बसावें. वांचणाऱ्या रकमा एका रांगेंत, जाणाऱ्या दुसऱ्या रांगेंत, न दिसणाऱ्या तिसऱ्या रांगेंत लिहाव्या. बेरीज दोनदां करावी. आणि दिवा मालविण्यापूर्वीं तो कागद घरांतल्या सर्वांत वडील माणसाला वाचून दाखवावा. त्यांत दिवाळी धरली आहे कीं नाहीं, हें तेंच माणूस सांगूं शकेल.